काकांनी शिकवलेला निरोप

वेरूळला मी गाइड म्हणून उभी राहिले तेव्हा तिथं दुसरी बाई नव्हती. इंग्रजी मला येत होतं, पण फ्रेंच पाहुण्यांच्या बसगाड्या वाढल्या आणि ट्रॅव्हल एजंट विचारू लागले, "फ्रेंच येतं का?" येत होतं ते एकाच माणसाला. वडिलांचा मित्र, सगळ्यांत जुना गाइड. मी त्यांना काका म्हणायची.

लेण्यांसमोरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी मला वही काढायला लावली. बोंजूर म्हणजे नमस्कार, मेर्सी म्हणजे आभार, शेवटी निरोपाचा शब्द.

"लिही, देगाजे. म्हंजे, आता यावं, सुखरूप जावं. लई अदबीचा शब्द हाय. हात जोडून म्हणायचा."

आठवडाभर मी तो घोकला. पहिला फ्रेंच गट कैलास लेणं बघून बसपाशी आला. मी हात जोडले, हसले आणि वर 'कृपया' जोडून म्हणाले, "देगाजे, सिल व्हू प्ले."

एका माणसाचा चेहरा लाल झाला, तो काहीतरी पुटपुटत बसमध्ये चढला. मागची एक म्हातारी बाई, निवृत्त शिक्षिका होती ती, तेवढी थांबली.

"तुम्ही आम्हाला 'चला, व्हा चालते' म्हणालात," तिनं इंग्रजीत सांगितलं. "कोणी शिकवलं हे?"

मी वही उघडून तो शब्द दाखवला. ती बसच्या पायरीवर बसली, माझी वही घेतली आणि तो शब्द आडवी रेघ मारून खोडला. नेहमीचा निरोप ओ रव्वार, आणि त्यापुढं बाईला मादाम, पुरुषाला मस्य म्हणायलाच हवं, नाहीतर उद्धट वाटतं. दिवस बाकी असेल तर बॉन जुर्ने. लवकर भेटणार असू तर आ ब्यांतो. आद्यू मात्र म्हणायचं नाही, तो कायमचा निरोप. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तरी तिनं प्रत्येक शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला.

लाल चेहऱ्याच्या माणसानं हॉटेलवर तक्रार केलीच. तो सबंध हंगाम त्या बसच्या एजंटनं मला एकही गट दिला नाही. ते गट काकांना मिळाले.

मी टपरीवर जाऊन सगळ्यांसमोर विचारलं, "काका, असं का केलंत?"

"गंमत केली पोरी. एवढं लागलं व्हय?" ते हसले. मी हलले नाही, तसं त्यांचं हसू गेलं. "तू बाईमाणूस. उद्या समदे गोरे तुझ्याच मागं येतील. मग आमी काय माशा मारायच्या हितं?"

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलले नाही. दर शनिवारी रात्रीची एसटी धरून पुण्याला फ्रेंच शिकायला गेले, दोन वर्षं. एजंट परत आले. लेण्यांत काका समोरून आले की मी पाहुण्यांना छतावरची नक्षी दाखवायची.

पुढं त्यांचा घसा बसला, काम सुटलं. एकदा ते आमच्या शहरातल्या, क्रांती चौकाजवळच्या घरी आले. वडिलांनी हाक मारली, "पाणी आण गं." मी स्वयंपाकघरातून उठले नाही. बाहेरून त्यांचा घोगरा आवाज आला, "चुकलं माझं. पोरीला सांगा." मी ऐकलं आणि कणीक मळत राहिले. त्यांना दारापर्यंत सोडायला वडील एकटेच गेले.

वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाईट वाटलं, पण ते वडिलांसाठी.