वकिलांच्या भिंतीचे दात

मुलांनो, आपल्या वसाहतीवर छापलेली पुस्तिका तुमच्या मामाने तुम्हालाही पाठवली आहे. तीत ‘आमच्या ओळीचे शिल्पकार’ म्हणून शेजारच्या वकिलांचा फोटो आहे. त्या माणसाने आयुष्यात एक वीट उचलली नाही. तुम्ही इतक्या लांब बसून ते खरं मानाल, म्हणून लगेच लिहायला घेतलं.

बालाघाटची आपली ओळ राजेगावच्या एका मिस्त्रीने बांधली. सात घरं, सगळ्यांवर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर, एकाला एक लागून. एक घर झालं की शेवटच्या भिंतीच्या दोन्ही कोपऱ्यांत तो एकाआड एक वीट बाहेर ठेवी. त्यांना दात म्हणत. पुढच्या घराच्या भिंती त्या दातांत बसत आणि मधली भिंत दोघांची होई. ती उघडी राहायचीच नाही, म्हणून तिला बाहेरून गिलावा नसे.

सहावं घर वकिलांचं. सातवा प्लॉट माझ्या बाबांनी घेतला. ते कोर्टात कारकून होते, आणि आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. हे वकिलांना कळलं आणि चौथ्या दिवशी मिस्त्री आमच्या भाड्याच्या खोलीवर आला.

“बाबूजी, वकीलसायबानं दात छाटायले लावले मले.”

“काहून?” आईने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

“म्हणे, माह्या भिंतीले त्यायची भिंत नाही लागली पाहिजे. हातभर सोडून बांधा.” मिस्त्री आमच्यातलाच होता. “त्यायचं देवघर मीच बांधलं, बाई. वास्तुशांतीले मले जेवाले बसवलं, थे अंगणात.”

बाबा म्हणाले, “प्लॉट विकून टाकू. रोज कोर्टात त्यांचं तोंड पाहायचं आहे मला.”

“विकायचा नाही,” आई म्हणाली. “घर तिथंच होईन.”

घर झालं. दोन भिंतींमधल्या हातभर बोळात उतरून नंतर गिलावा करणं शक्य नव्हतं. म्हणून मिस्त्रीने दर तीन थरांनी भिंतीवरून पलीकडे हात घालून आमची बाहेरची बाजू लिंपली. वकिलांची भिंत तशीच उघडी राहिली. ती लिंपायची तर आधीच आमच्या प्लॉटवर यावं लागलं असतं, आणि ते वकिलांना नको होतं.

तिसऱ्या पावसाळ्यात त्यांच्या देवघरात ओल चढली. वकील पहिल्यांदा आमच्या दारात आले, पायरी न चढता उभे राहिले. “बाबूजी, माझं छप्पर तुमच्या भिंतीवर टेकू द्या. बोळ झाकून घेतो.”

बाबा हो म्हणणार होते, मला दिसत होतं. आई पुढे झाली. “वकीलसाहेब, छप्पर आमच्या भिंतीले लागन नं! बाटन.”

“घरात बायकोचं राज्य दिसते,” वकील बाबांना म्हणाले.

“हौ,” आई म्हणाली, आणि तिने दार लावलं.

बाबा महिनाभर तिच्याशी धड बोलले नाहीत. कोर्टात वकिलांनी त्यांना चारचौघांत टोमणे मारले, ते त्यांनी गिळले. पुढच्या पावसाळ्यात देवघराची भिंत बोळात कोसळली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. मला आनंद झाला होता, आणि अजूनही त्याची लाज वाटत नाही.

सातपैकी आता दोन घरं मिस्त्रीच्या हातची उरली आहेत, पहिलं आणि आपलं. वकिलांच्या घराच्या जागी सिमेंटची दुमजली इमारत आहे.