किड्याच्या सोंडेचे दीडशे फोटो

परवेजभाईंनी उभी हयात लग्नांचे फोटो काढले आणि साठीला आल्यावर किड्यांच्या तोंडांचे काढायला लागले. लोक हसतात. मीही हसलो होतो. राजापेठेत त्यांच्या घरावरच्या मजल्यावर माझी शिकवणी चालते. वर पोरं उठली-बसली की खाली त्यांचा फोटो हलतो, म्हणून ते आधीच सांगून जातात, "सर, अर्धा तास पोरायले हलू देऊ नका." मला या हुकमाचा भारी राग यायचा. एकदा भांडायलाच खाली गेलो आणि ते काम बघून गप्प बसलो.

सूक्ष्मदर्शकाखाली सोंडेचा केसभर भागच एका वेळी स्पष्ट दिसतो, बाकी सगळं धुरकट. परवेजभाई चाक किंचित फिरवतात, श्वास रोखतात, फोटो काढतात. पुन्हा किंचित फिरवतात. असे दीडशे फोटो. मग संगणक प्रत्येकातला स्पष्ट तुकडा उचलून सगळ्यांचा मिळून एक फोटो करतो.

यंदा मे महिन्यात बार्शीटाकळीची प्रणाली आली. ती पीएचडी करते. जानेवारीत घरच्या तुरीवर तिला एक किडा सापडला होता, एकच. तो आजवर कुणी न नोंदवलेला आहे हे सोंडेच्या टोकावरच्या दात्यांवरून ठरणार होतं, आणि प्रबंध सोमवारी द्यायचा होता.

"काका, जपजा हं," एवढंच ती म्हणाली.

शनिवारी दुपारी मी शिकवणीला सुट्टी दिली आणि फोटो मोजायला त्यांच्याजवळ बसलो. सुईच्या टोकावर ती सोंड चिकटवलेली. पंखा बंद, कूलर बंद. परवेजभाईंचा सदरा पिळून काढावा इतका भिजला होता. एकशे अठरा झाले. आता फक्त टोक राहिलं होतं.

तेवढ्यात नईमाभाभी आल्या. मागच्या उन्हाळ्यात याच खुर्चीत नवऱ्याला ऊन लागून चक्कर आली होती, ते त्या विसरलेल्या नव्हत्या. "जीव देता काय?" म्हणाल्या आणि मी हात वर करेपर्यंत कूलरचं बटण दाबून स्वयंपाकघरात गेल्यासुद्धा.

पहिल्या झोतासोबत पाण्याचे शिंतोडे आले. सुई कोरी झाली.

हातातोंडाशी आलेला घास गेला. आम्ही दोघं ओल्या फरशीवर टॉर्च घेऊन रांगलो. पापणीच्या केसाहून बारीक वस्तू, सापडणार कशी? मला भाभींचा संताप आला आणि त्या संतापाची लाजही वाटली. अर्ध्या तासाने परवेजभाईंनी स्वतःच प्रणालीला फोन लावला.

"बेटा, माया हात लागला. सोंड गेली."

ती म्हणाली, "काका, आता दुसरा कुठून आणू? तूर तं कवाचीच निंगाली."

भाभी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी तोंड उघडलं, तर परवेजभाईंनी माझा हात घट्ट दाबून धरला.

"पाहा सर," भाभी म्हणाल्या, "त्या पोरीची सारी मेहनत मातीत घातली. यायले किती खेपा म्हटलं, आता हात थरथरते, सोडा हे काम!"

"सोडतो," परवेजभाई म्हणाले.