काचेतला लाल ठिपका

पिस्तूल चांगलं होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की मी त्या पिस्तुलावर राग काढते आहे. राग आहे, पण त्याच्यावर नाही.

मी अमरावतीला पोलिसात आहे आणि नव्या पोरापोरींना नेमबाजी शिकवते. घर आमचं दर्यापूरकडचं, झेंडू आणि शेवंती लावणाऱ्यांचं. पोरगी बंदूक शिकवते हे माझ्या आईला अजून शेजारणींना धड सांगता येत नाही. मला ज्यांनी शिकवलं त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. अंगानं काटकुळे, आवाज मात्र असा की मैदानाच्या कुंपणाबाहेर चरणाऱ्या बकऱ्याही सावधान होतील. पहिल्या दिवशी माझे हात पाहून ते म्हणाले होते, "फुलं तोडनारीचे हात हायेत. बरं हाये. फूल तोडतं तसाच ट्रिगर दाब, धक्का नाई बसला पायजे." कौतुकाचं बोलणं तेवढंच. त्यानंतर वर्षानुवर्षं नुसती बोलणी खाल्ली आणि नेमबाज झाले.

तर दसऱ्याच्या आधी हे नवं पिस्तूल नमुना म्हणून आमच्याकडे आलं. कमरेला लावून रोजच्या कामावर वापरायचं, पूर्ण आकाराचं, नऊ मिलिमीटरचं. वरच्या स्लाइडला, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या भागाला, खाच पाडलेली, तिच्यात पट्टी बसवून वर छोटी काच लावता येते. काचेतून पाहिलं की एक लाल ठिपका दिसतो. तो ज्याच्यावर ठेवाल तिथे गोळी जाते. जुन्या पिस्तुलावर नेम धरायच्या दोन खुणा, म्हणजे मागची साइट आणि पुढची साइट, आणि समोरचं निशाण असं तिघांना एका ओळीत आणावं लागतं, आणि डोळा एका वेळी त्यातल्या एकावरच ठरतो. इथे ते तिघांचं भांडणच नाही. साहेबांनी सांगितलं, तुम्ही तिघं वापरून बघा आणि काय ते कळवा. तिघं म्हणजे उस्ताद, मी आणि शस्त्रागाराचे हवालदार. हवालदार भटजींच्या घरातले, त्यामुळे बंदुकीचा एकेक पुर्जा सोवळ्यातला असल्यासारखा हाताळतात.

मी त्या काचेकडे पाहिलं तेव्हा माझ्या मनात पिस्तूल नव्हतं, उस्ताद होते. वर्षभरात त्यांचा नेम हलला होता. आम्ही कुणी त्याबद्दल बोलत नव्हतो, कारण बोललं की काय होतं ते ठाऊक होतं. डोळ्यांची तपासणी, त्यावर शेरा, आणि माणूस मैदानावरून उचलून आवक-जावकच्या टेबलावर. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली आणि हा माणूस टेबलावर महिनाभर टिकला नसता. वय झालं की जवळची पुढची साइट पुसट दिसते, हे सगळ्यांचंच होतं. ठिपक्याला ती अडचण नाही. मला खरंच वाटलं, देवानंच धाडलं हे.

दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजा जोरात असते. झेंडू दरवर्षी आमच्या वावरातला. हवालदार मंत्र म्हणतात आणि प्रत्येक हत्याराला कुंकवाचं बोट लावायचा मान उस्तादांचा. त्या सकाळी त्यांनीच सगळ्यांना दम भरला होता, "नव्या पिस्तुलाच्या काचेले कोनी हात लावाचा नाई. हळद नाई, कुकू नाई, फूल सुदा नाई." आणि मग पूजेत, सगळ्यांच्या देखत, त्यांनी स्वतःच ओल्या कुंकवाचं बोट नेमकं त्या काचेवर टेकवलं. आम्ही हसलो. तेही हसले. हवालदार म्हणाले, "उस्ताद, त्याच्या डोळ्यातच घातलं की हो!"

काच मी मऊ ब्रशनं आणि कापडानं पुसली. तरी कोपऱ्यात लाल कण राहिले असतील असं वाटत राहिलं, कारण दोन दिवसांनी मैदानावर उस्तादांनी पिस्तूल उचललं आणि लगेच खाली घेतलं. म्हणाले, "ठिपका फाटला हाये."

मी पाहिलं. माझ्या डोळ्याला ठिपका अगदी गोल, स्वच्छ.

"कुकू राह्यलं असन आत," ते म्हणाले. मी पुन्हा काच साफ केली. मग त्यांनी फायर केलं. गोळ्या सगळ्या एका जागी, मुठीत मावतील अशा, पण बुलच्या, म्हणजे टारगेटच्या मधल्या गोलाच्या, डावीकडे. म्हणजे हात अजून तोच होता. काचेचा स्क्रू फिरवून आम्ही ठिपका सरकवला आणि त्यांच्या गोळ्या मधोमध यायला लागल्या. मग मी उचललं तर माझ्या गोळ्या उजवीकडे. परत सरकवलं, माझ्या मध्ये आल्या, त्यांच्या डावीकडे. हवालदारांनी फायर केलं, तर त्यांच्याही माझ्या शेजारी.

आम्ही तिघांनी मिळून त्या पिस्तुलाची जी काय निंदा केली! पट्टीचे स्क्रू ढिले असतील म्हणून हवालदारांनी सगळं उघडून पुन्हा आवळलं. गोळ्यांचा लॉट खराब असेल म्हणून दुसरी पेटी फोडली. कुंकू तर होतंच, सगळ्याला जबाबदार. त्या ऑक्टोबरच्या उन्हात, कपाळावरचा घाम डोळ्यात जात असताना, कुंकवाइतकं सोयीचं कारण दुसरं नव्हतं. बाकी सगळं मनासारखं होतं. मागची पट्टी बदलून मूठ बारीक करता येत होती, त्यामुळे पहिल्यांदा एखादं सरकारी पिस्तूल माझ्या हातात माझं म्हणून बसलं. ट्रिगर एकसारखा. धुळीत लोळवून काढलं तरी अडकलं नाही. फक्त ठिपका. उस्ताद म्हणायला लागले, "लिहून टाक पोरी, काच आपल्या कामाची नाई. बाकी पिस्तूल घ्या, काच नोको."

लिहायला मला काही हरकत नव्हती. पण त्यांनीच आम्हाला घोकवलं होतं की हत्याराला दोष देण्याआधी हात बदलून बघायचा. हात आम्ही तीनदा बदलला होता. तिघांत दोघांचं जुळत होतं आणि एकाचं नव्हतं. हे रिक्रूटलाही कळलं असतं. मला कळून घ्यायचं नव्हतं.

संध्याकाळी मी शस्त्रागारात गेले. पूजेचं कुंकू तसंच राहिलं तर लोखंड गंजतं, म्हणून दसरा झाला की सगळी हत्यारं पुसून तेल लावायचं असतं. रोजच्या वापरातली पुसून झाली होती, मागच्या रांगेतल्या रायफली राहिल्या होत्या. कापड घेऊन बसले आणि पाहते तो काय, कुंकू कुठेच जागेवर नव्हतं. उस्ताद दरवर्षी नळीच्या मुळाशी, मधोमध, एकाच उंचीवर बोट लावायचे. रांगेत उभ्या रायफली शाळेतल्या पोरींसारख्या दिसायच्या. या वर्षी कुंकू लाकडावर होतं, पट्ट्यावर होतं, एकीच्या बाबतीत तर मागच्या भिंतीवर होतं. आणि सगळं एकाच बाजूला सरकलेलं. मी एकीवरचंही पुसू शकले नाही. तिथेच खाली बसले आणि रडले, आणि रडता रडता त्यांना मनातल्या मनात चार शिव्याही घातल्या.

दुसऱ्या दिवशी मैदानावर आम्ही दोघंच असताना मी त्यांना म्हटलं, "उस्ताद, डावा डोळा झाका आणि टारगेट पाहा."

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "गोलच वाकडा छापला हाये."

"गोल नीट आहे, उस्ताद."

त्यांनी पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं, स्लाइड मागे ओढून, नळी टारगेटकडे, जसं शिकवतात तसं. मग म्हणाले, "या डोयानं मधात काई दिसतच नाई आता. आजूबाजूचं दिसते. तुहं तोंड नाई दिसत, कान दिसतात."

"केव्हापासून? आणि सांगितलं काहून नाही?" मी ओरडलेच. त्यांच्यावर आवाज चढवायची माझी ती पहिली वेळ.

"सांगून काय व्हतं? टेबलावर बसवलं असतं. मले कागदं वाचता येत नाई म्हून कागदंच वाचाले बसवलं असतं." हे बोलताना ते हसले, म्हणून मला जास्त लागलं.

अमरावतीत डॉक्टरकडे जायला ते तयार होईनात. खात्यातलं कुणीतरी भेटेल. शेवटी अकोल्याचे एक डॉक्टर ठरले, डोळ्याच्या पडद्याचे. काकूंना, म्हणजे त्यांच्या घरी, त्यांनी सांगितलं की पिस्तुलाच्या कामानं अकोल्याला जाऊन राहिलो, पोरगी संगं हाये. एसटीत खिडकीशी बसून ते मला बाहेरचं दाखवत होते. "पाय, सोयाबीन निंगालं सारं. कपाशीबी यंदा बरी हाये." कपाशी त्यांना किती दिसत होती कोण जाणे. मी हो हो म्हणत होते.

डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलत होते. डोळ्यांत थेंब घालून तपासलं, यंत्रावर फोटो काढले आणि पडदा आम्हाला दाखवला. मधोमध सूज होती, रक्त होतं. साखरेनं झालेलं. उजव्या डोळ्याचं मधलं दिसणं परत येणार नाही, ते म्हणाले. डाव्यातही सुरू झालं आहे, पण तो राखता येईल, इंजेक्शनं घ्यावी लागतील, साखर आवरावी लागेल. मी विचारलं, आधी आलो असतो तर? ते म्हणाले, "तर बराच फरक पडला असता." इतकं सरळ उत्तर त्यांनी द्यायला नको होतं, असं मला त्या क्षणी वाटलं. आता वाटत नाही.

उस्तादांनी एकच विचारलं, "सुई डोयात टोचता का?" डॉक्टर हो म्हणाले. पहिलं इंजेक्शन पुढच्या आठवड्यात ठरलं.

थेंबांमुळे बाहेर पडल्यावर त्यांना उजेड सहन होईना. दवाखान्यानं दिलेला काळा चष्मा घालून ते रिक्षाच्या पायरीवर अडखळले, मग न विचारता माझं कोपर धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या हाताला हात लावला नव्हता. माझी मूठ चुकली की लांबून छडीच्या टोकानं सरळ करायचे. बसस्टँडवर बाकावर बसवलं, चहा हातात दिला. पिस्तुलाचं मी काय कळवणार ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काचेसकट घ्या म्हणून कळवते. ठिपका बरोबर आहे.

"हं," ते म्हणाले. "पोराईच्या कामी येईन."

मग त्यांचा फोन वाजला. काकू होत्या. उस्तादांनी आवाज एकदम मैदानावरचा केला. "झालं, काम झालं. पिस्तूल एकदम फर्स्ट क्लास. हाओ, जेवलो. घे, पोरीसंग बोल," असं म्हणून त्यांनी फोन माझ्याकडे दिला, आणि मी साथ द्यावी म्हणून मान हलवली. ते माझ्याकडे पाहत होते, पण माझ्या कानाकडे.

मी फोन घेऊन चार पावलं बाजूला झाले. "हो काकू, काम झालं," मी म्हटलं.

"डाक्टर काय म्हणे?" काकूंनी विचारलं.

मी वळून बाकाकडे पाहिलं.

"मले माईत हाये, बाई," त्या म्हणाल्या. "गनपतीपासून मी भाजी ताटात एकाच जागी वाढतो, म्हंजे त्याईचा हात चुकत नाई. चपला रोज दाराच्या उजवीकडंच ठेवतो. त्याईले वाटते मले काई कयत नाई. तू बी सांगू नोको. त्याईले तेवढं तरी राहू दे."

मागे अमरावतीची गाडी लागली होती. मी फोन परत दिला. उस्तादांनी तो चाचपून खिशात घातला आणि उठताना माझं कोपर शोधलं.

"काय म्हणे ते?"

"काही नाही. लवकर या म्हणाल्या."

"तिले काई समजलं नाई ना?"

"नाही," मी म्हटलं, आणि त्यांना गाडीची पायरी दाखवली.