डाव्या हाताला काय दिसतंय?

फोन उचलला की अक्का आधी डोळे मिटायच्या. मग म्हणायच्या, "घाबरू नका. डाव्या हाताला काय दिसतंय, तेवढं सांगा." समोरचा बंद पडलेल्या गाडीपाशी उभा राहून तणतणत असायचा. त्याला वाटायचं, बाई चेष्टा करतेय.

सोलापूरच्या हायवे मदत केंद्रात माझी खुर्ची अक्कांच्या शेजारी होती. गाडी बंद पडली, टायर फुटला, कुणाला लागलं, की लोकांचा फोन आमच्याकडे यायचा आणि आम्ही क्रेन नाहीतर ॲम्ब्युलन्स पाठवायचो. आता स्क्रीनवर लाल ठिपका येतो, गाडी कुठं आहे ते आपोआप कळतं. तेव्हा ठिपका नव्हता. अक्का होत्या.

तुम्ही कधी अडकलात तर एक ध्यानात ठेवा. "आम्ही सोलापूर रोडवर आहोत" असं चुकूनही सांगू नका. सोलापुरात पुणे रोड आहे, हैदराबाद रोड आहे, विजापूर रोड, तुळजापूर रोड, अक्कलकोट रोड आहे. सोलापूर रोड तेवढा नाही! बाहेरून येणाऱ्याला मात्र प्रत्येक रस्ता सोलापूर रोडच. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ तसं म्हणाले आणि मी क्रेन पुणे रोडला पिटाळली. ते बिचारे अक्कलकोट रोडला उन्हात भाजत होते.

"कुटनं निगालाय, एवढं तरी इचारायचं की!" अक्का म्हणाल्या. "शिकलेला हायस न्हवं तू?"

एकदा एका मोठ्या गाडीतल्या साहेबांचा फोन आला. डाव्या हाताला काय, तर म्हणे शेत. कसलं? म्हणे हिरवं.

"हिरवं म्हंजे ऊस का मका?"

साहेबांना सांगता येईना. अक्कांनी त्यांना खाली उतरवलं, एक कांडं मोडायला लावलं, चावायला लावलं. "गोड आहे हो!" साहेब ओरडले. मग शेजारी कॅनॉल निघाला, कॅनॉलवर पडकी खोली निघाली, आणि अक्कांनी डोळे न उघडताच क्रेनवाल्याला माळशिरसच्या अलीकडची जागा सांगितली. साहेबांनी नंतर आभाराचा फोन केला, तेव्हाही ते ऊसच खात होते.

आणि गंमत सांगू? यातला एकही रस्ता अक्कांनी धड पाहिलेला नव्हता. त्यांना गाडी लागायची. बसमध्ये पाय ठेवला की लिंबू नाकाला. शुक्रवार पेठेतून त्या चालत कामावर यायच्या आणि चालत घरी जायच्या. सगळे रस्ते त्या फोनवरच शिकल्या होत्या. कुणी एकदा "इथं वाकडी चिंच आहे" म्हणालं, की ती चिंच त्यांच्या डोक्यात कायमची.

एका संध्याकाळी मी फोन उचलला, तर पलीकडे लहान मुलगी, रडत, सगळं कानडीत. मी घाईनं फोन अक्कांकडे दिला. त्यांच्या घरात कानडीच. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. मुलगी वडिलांबरोबर विजापूरहून निघाली होती. वडिलांना दरदरून घाम सुटला, त्यांनी गाडी कशीबशी कडेला घेतली आणि मान टाकली. हलवलं तरी उठेनात. गाडीत तिसरं कुणी नाही.

"शुगरचं इंजेक्शन घेतात म्हणं," फोनवर हात ठेवून अक्का म्हणाल्या. "येळ न्हाय आपल्याकडं."

रस्ता कळला, पण जागा? हद्दीवरच्या नदीच्या पलीकडे असतील तर कर्नाटकातली ॲम्ब्युलन्स, अलीकडे असतील तर आपली. चुकीची निघाली तर माणूस जायचा.

"अंजब्याडव्वा," घाबरू नको गं, म्हणत अक्कांनी डोळे मिटले आणि विचारू लागल्या. डाव्या हाताला पाटी होती. फोनचं चित्र आणि आकडे बघून पोरीनं नंबर लावला होता, पण पाटीवरचं बाकीचं तिला वाचता येत नव्हतं.

अक्कांनी टेबलावर थाप मारली. "कानडी शाळंत जाती पोरगी. वाचता यीना, म्हंजे पाटी मराठी! नदी वलांडली त्यांनी!"

पुढचा प्रश्न ऐकून मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. नदीत पैसा टाकलास का? टाकला होता. पुलावर वडिलांनी गाडी हळू केली होती. मग, त्यानंतर गाडीत गाणी किती वाजली? दोन पूर्ण, तिसरं अर्धं.

"गाण्याला पाच मिन्टं धर, म्हंजे पुलापासनं बारा-चौदा किलोमीटर," अक्का म्हणाल्या. "सोड गाडी!"

मी सोडली. तोवर अक्कांनी पोरीला तीच गाणी म्हणायला लावली. ती हुंदके देत गात होती, अक्का इकडे टेबलावर ठेका धरत होत्या. दुसरं गाणं संपत आलं आणि फोनमध्ये सायरन ऐकू आला. जागा तेराव्या किलोमीटरला होती. साखर उतरली होती. सलाईनमधून औषध गेलं आणि थोड्या वेळानं वडिलांनी पोरीला नावानं हाक मारली, तीही आम्ही फोनवर ऐकली. आम्ही पोरांसारखे नाचलो, खोटं कशाला बोलू.

आठवड्यानं दोघं बापलेक शेंगांच्या पोळ्यांचा डबा घेऊन आले. "हिला फोनमधली अव्वा बघायची आहे," वडील म्हणाले. अव्वा म्हणजे आई. आमचे साहेब शर्ट नीट करून पुढं झाले. पोरगी त्यांना वळसा घालून आत आली आणि एकेकाकडे बघत राहिली. जन्मभर परक्यांशी बोललेल्या अक्का मात्र मागे सरल्या. तोंडाला पदर लावून त्या भिंतीला टेकल्या. शेवटी पदराआडूनच म्हणाल्या, "ऊटा आतेनव्वा?" जेवलीस का गं?

पोरगी गर्रकन वळली. धावत जाऊन तिनं अक्कांच्या कमरेला जी मिठी मारली, ती सोडेचना. टेबलावर फोन वाजू लागला. अक्कांनी पहिल्यांदाच तो वाजू दिला.