एम्रिसच्या थडग्यावरची किटली

ईस्टरच्या आदल्या रविवारी आमच्या ब्रिनदेरीतली मेलेली माणसं जिवंत माणसांपेक्षा नीटनेटकी दिसतात. आठवडाभर अख्खं गाव बादल्या, ब्रश, खुरपी घेऊन चर्चच्या आवारात उतरतं आणि आपापली थडगी घासतं. मग रविवारी त्यांच्यावर डॅफोडिलांचे ढीग चढतात. हा फुलांचा रविवार. जिवंतपणी कोण कुणाला विचारत नव्हतं हे त्या दिवशी कुणी काढत नाही, पण कुणाच्या दगडावर शेवाळ राहिलं हे पुढच्या ईस्टरपर्यंत निघतं.

या कामात एलुनेड प्रॉथरोबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडं इथे प्रत्येक थडग्यावर राखी-पिवळी ठाण मांडून बसलेली असतात. एलुनेडबाईंच्या नवऱ्याच्या, एम्रिसच्या, दगडावर बसायची त्यांची टाप नव्हती. त्या थडग्याशी उगवलेलं गवत स्वतःहून मान खाली घालायचं.

नव्या पाद्रीबाई, ग्वेनो, वयानं कोवळ्या आणि उत्साहानं उतू जाणाऱ्या. त्यांनी चर्चच्या सभेत सुचवलं, यंदा जुलैपर्यंत गवत कापायचं नाही, म्हणजे रानफुलं बी धरतील.

“इथे किती जीव राहतात, एलुनेडबाई! बेडूक, वटवाघळं, फुलपाखरं...”

“अगं पोरी, इथे मेलेले राहतात. जिवंतांना राहायला डोंगर पडलाय.”

“थोडंसं गवत वाढलं तर काय बिघडतं?”

“एम्रिस जन्मभर गवतातच लोळत पडायचा. हाका मारून घसा बसायचा माझा. आता एका जागी गप पडलाय, तर तो मला दिसू दे!”

सभा हसली, गवताचा विषय तिथेच मेला, आणि पाद्रीबाई लाल झाल्या.

यंदाही एलुनेडबाई सोमवारीच बादली घेऊन हजर. थडग्यावर फुलदाणीच्या जागी एम्रिसची चहाची किटली असते, मेंढ्यांमागे डोंगरावर तो न्यायचा ती. हिवाळ्यात पाणी गोठून फुटू नये म्हणून बाईंनी ती आडवी करून ठेवली होती. उचलायला वाकल्या, तर आतून दोन काळेभोर डोळे त्यांच्यावर रोखलेले. किटलीत शेवाळ-पाचोळ्याचं घरटं, आणि त्यात लाल छातीची रॉबिन अंड्यांवर बसलेली.

“हट्!”

रॉबिननं पापणीसुद्धा हलवली नाही.

“हट् म्हणते ना! माझ्या नवऱ्याची किटली आहे ती!”

रॉबिन आणखी थोडी फुगून बसली. तिच्या मते किटली तिच्या नवऱ्याची होती.

किटली हलवली तर पाखरू अंडी टाकून जाणार. दगड घासला तर बुजणार. आणि गावाला सांगितलं तर सगळी पोरंटोरं वाकून बघणार. शिवाय सभेत एवढं बोलून आता पाद्रीबाईंपुढे कुठल्या तोंडानं सांगायचं, की माझ्या नवऱ्याच्या उरावर पाखरं नांदतायत? एलुनेडबाई भरलेली बादली तशीच घेऊन घरी आल्या आणि आठवडाभर गुडघा धरून बसल्या. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

शनिवारी दुपारी त्यांची नणंद नेस्टा दोन ब्रश घेऊन चर्चच्या फाटकात उगवली. एलुनेडबाई दुखऱ्या गुडघ्यानं धावतच मागे.

“थांब! हात लावू नकोस!”

“का? माझा भाऊ आहे तो. बायकोला लाज नसेल, बहिणीला आहे.”

“नेस्टा, बादली खाली ठेव.”

“दगड बघ त्याचा! हिरवा झालाय! लोक म्हणतील, एलुनेडनं दुसरा बघितला.”

“या गुडघ्यानं?”

“गुडघ्याचं नाटक मला सांगू नकोस. आत्ता हरणासारखी आलीस.”

नेस्टानं ब्रश बुडवला. एलुनेडबाई सरळ थडग्यापुढे हात पसरून आडव्या उभ्या राहिल्या, आणि मग हरल्यासारखं किटलीकडे बोट केलं. नेस्टा वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली.

“अंडी आहेत?” आवाज एकदम कुजबुजता.

“आहेत.”

“आधी नाही सांगायचं, भवाने?”

“तू गावभर केलं असतंस.”

“केलंच असतं,” नेस्टानं कबूल केलं. “पण उद्या काय? एवढं एकच थडगं फुलांवाचून उघडं दिसलं, की जो तो वाकणार.”

दोघी विचारात पडल्या. शेजारी इद्वाल पॅरीचं थडगं होतं. इद्वाल आणि एम्रिस एका मेंढ्यावरून आयुष्यभर भांडले. मेंढा म्हातारा होऊन मेला, भांडण नाही. इद्वालला फुलं घालायला कुणी उरलेलं नव्हतं.

“सगळ्यांच्या नजरा तिकडे वळवल्या तर?” नेस्टा म्हणाली.

“इद्वालला फुलं? एम्रिस उठून बसेल!”

“बसू दे. किटलीला धक्का लावला नाही म्हणजे झालं.”

रविवारी इद्वाल पॅरी राजासारखा सजला होता. डॅफोडिल, प्रिमरोझ, वर नेस्टाच्या परसातली सगळी कॅमेलिया. गाव त्याच्याभोवती गोळा झालं. एम्रिसकडे कुणी ढुंकून बघेना. पाद्रीबाईंचे डोळे भरून आले.

“वैऱ्यावर प्रेम करणं म्हणजे काय, ते आज एलुनेडबाईंनी दाखवलं...”

एलुनेडबाई मान खाली घालून उभ्या. ओठ दातांत.

तेवढ्यात नर रॉबिन चोचीत वळवळती अळी घेऊन आला आणि नेमका इद्वालच्या दगडावर बसला. “अगंबाई, किती गोड!” करत सगळे वळले. पाखरू किटलीकडे बघतंय, गाव पाखराकडे. आता ते उडणार, आणि नजरा त्याच्यामागून थेट किटलीत.

“प्रार्थना!” एलुनेडबाई कडाडल्या. “डोळे मिटा! सगळ्यांनी!”

पन्नास वर्षांची सवय. गावानं पटापट डोळे मिटले. रॉबिन भुर्रकन किटलीत शिरला.

एलुनेडबाईंखेरीज डोळे उघडे होते ते एकट्या पाद्रीबाईंचे, कारण प्रार्थना त्यांनाच म्हणायची होती. त्यांनी किटलीकडे पाहिलं. मग एलुनेडबाईंकडे. एलुनेडबाईंनी आधी डोळे वटारले, मग हात जोडले.

पाद्रीबाईंनी खाकरून सुरुवात केली. आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, राजासाठी, पावसासाठी, पाऊस थांबण्यासाठी, डोंगरावरच्या एकूण एक मेंढीसाठी प्रार्थना झाली. नर रॉबिन बायकोला भरवून सावकाश बाहेर पडला आणि भिंतीपलीकडे गेला, तेव्हा कुठे त्या ‘आमेन’ म्हणाल्या. तोवर इद्वालसाठी दोनदा झाली होती.