दिराच्या कोटाचं अस्तर

माझी ताई आमच्या दुकानात रफू करायची. धाग्याला धागा असा विणायची की कोट घालणाऱ्यालाही भोक सापडू नये. त्या हातांची माती केली तिच्या मोठ्या दिरानं. मेल्याचं नाव निघालं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ताईला मधुमेह, इन्सुलिनची सुई रोजची. हा दीर मधुमेहावर कसल्याशा मुळांची पावडर विकायचा. "सुई म्हणजे जन्माचं व्यसन गं," असं गोड गोड बोलून त्यानं तिची सुई सोडवली. ताई पडली भोळी. वर्षानुवर्षं पावडर पाण्यात कालवून पीत राहिली. एके दिवशी मला म्हणाली, "दिव्यावर काजळी आलीय का गं? कापडावर जाळं दिसतंय." दिवा लख्ख होता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. "डोळ्याच्या आतल्या पडद्यालाही इन्सुलिन लागतं. तिथल्या पेशींवर त्याची कुलपं असतात. किल्ली फिरली नाही की पेशी खंगतात. वर साखरेनं बारक्या रक्तवाहिन्या बुजतात. मग उपाशी पडदा वाढीचा रस सोडतो, त्यानं नव्या वाहिन्या फुटतात, पण कच्च्या. त्यातून रक्त सांडतं."

"परत दिसेल?" ताईनं विचारलं.

"उरलंय ते टिकवू," बाई म्हणाल्या. ताईचं इन्सुलिन पुन्हा सुरू झालं, पण रफूचं काम गेलं ते गेलंच.

दिराला त्याचं काय! पावडरच्या सभेसाठी त्यानं ठेवणीतला कोट आमच्याच दुकानात पाठवला. कोपर फाटलं होतं. वर निरोप, "तिला म्हणावं, जमेल तेवढं कर." कोडगा मेला! मी कोट रस्त्यावर भिरकावणारच होते, पण ताई अस्तर चाचपता चाचपता थांबली. आतला खिसा फाटून काहीतरी खाली घसरलं होतं. तिनं अस्तराची खालची कड उसवून ते काढलं, मागची चकती फिरवली. कट् कट्. तो आवाज तिच्या रोजच्या ओळखीचा.

"इन्सुलिनचं पेन," ती म्हणाली. "भाऊजी स्वतः घेतात."

मी शिव्यांची लाखोली वाहिली. ताई म्हणाली, "घसा कशाला फोडतेस? जाड दोरा ओवून दे."

कोपर मी सांधलं. ताईनं पेन परत अस्तरात सोडलं आणि खालची कड बोटांच्या अंदाजानं साखळी टाक्यानं मिटवली. हा टाका एका टोकानं ओढला की पोत्याच्या तोंडासारखा सरसर उसवतो. ते टोक तिनं आतून वर घेतलं आणि कोटाच्या वरच्या खिशातल्या रुमालाला शिवलं. बोलायला उभं राहिलं की आधी रुमाल काढून तोंड पुसायची भाऊजींची खोड सगळ्या घराला पाठ होती.

सभेला आम्ही मागच्या रांगेत बसलो. भाऊजी उठले, घसा खाकरला, रुमाल ओढला. पेन टप्पकन पडलं आणि घरंगळत एका आजोबांच्या पायाशी गेलं. त्यांनी ते उचलून डोळ्यांजवळ धरलं.

"अहो, हे इन्सुलिनचं पेन! माझं फेकायला लावलंत, आणि तुमचं कोटात?"

सगळी सभा उठली. खुर्च्या पडल्या. ताईनं माझं मनगट घट्ट धरलं. तिला इतक्या लांबून नुसता राखाडी डाग दिसत होता.

"तोंड कसं झालंय गं त्यांचं?"

"पांढरंफटक. दोरा लोंबणाऱ्या त्याच रुमालानं घाम पुसतायत."

"अजून सांग," ताई म्हणाली. "काही सोडू नकोस."