चिकटआत्या आणि शेवटचं पान

माझ्या आत्याला गल्लीत सगळे चिकटआत्या म्हणतात. एक तर ती पुस्तकं बांधते, त्यामुळे बोटांना सदानकदा खळ. दुसरं म्हणजे, एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ती सोडत नाही. गेली चाळीस वर्षं तिने वाचनालयातल्या एका कार्डावरची एकच ओळ धरून ठेवली होती.

ते कार्ड एका दुर्मिळ पुस्तकाचं. दीडशे वर्षांपूर्वी एका शाळामास्तराने ते छापलं. बायबलमधल्या चारही शुभवर्तमानांतल्या येशूच्या हकिगती शेजारी शेजारी मांडून त्या कुठे कुठे जुळत नाहीत हे त्याने दाखवलं, आणि मग यावर विश्वास ठेवायचा तरी कसा, असं सरळ विचारलं. त्याची नोकरी गेली, पुस्तकं जाळली गेली, आमच्या वाचनालयात तेवढी एक प्रत बचावली. ती शिवायला माझ्या आजोबांकडे आली. परत गेली तेव्हा शेवटचं पान नव्हतं. देताना पानं मोजली होती. वाचली मात्र कोणीच नव्हती.

आजोबा पडले चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे. लोकांना तेवढं पुरलं. कार्डावर ओळ आली, ‘शेवटचे पान बांधणाऱ्याने धर्मश्रद्धेपोटी नष्ट केले.’ मी पान फाडलं नाही, असं आजोबा मरेपर्यंत सांगत राहिले, आणि लोक मान डोलावत राहिले. मला अजून त्या माना डोलावणाऱ्यांचा राग येतो.

नसलेल्या पानाचा भाव मात्र वाढतच गेला. फादर म्हणायचे, त्यावर लेखकाने पश्चात्तापाने क्षमा मागितली असणार. ग्रंथपालबाई म्हणायच्या, सगळ्यात जबरदस्त मुद्दा तिथेच असणार. आत्याला दोन्हींशी देणंघेणं नव्हतं. “पानावर काही का असेना. बाबा खोटं बोलले नाहीत, एवढं कार्डावर यायला हवं.”

गेल्या महिन्यात चर्चचं गाण्यांचं जाडजूड पुस्तक पाठ मोडून तिच्याकडे आलं. टाके बघताच ती म्हणाली, “बाबांचा हात आहे. गाठ बघ, उलटी.” पुस्तकाची पाठ भक्कम व्हावी म्हणून आतून रद्दी कागदाचे थर चिकटवतात. ती ओल्या स्पंजने एकेक थर सोडवत होती आणि मी शेजारी बसून न मागितलेले सल्ले देत होते. तिसऱ्या थराला तिचा हात थांबला.

“हा टाईप त्या पुस्तकाचा आहे.”

तासभर लागला तो कागद सोडवायला. मग तिने तो टीपकागदावर पालथा घातला आणि मला वाचू देईना. तिला धास्ती वाटत होती. त्यावर काही भलतंसलतं निघालं, तर लोक म्हणणार, म्हाताऱ्याने मुद्दामच चर्चच्या पुस्तकात गाडलं. “त्या दोघांना बोलाव,” ती म्हणाली. “जे असेल ते सगळ्यांसमोर.”

फादर आणि ग्रंथपालबाई धापा टाकत आले आणि पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर शेजारी शेजारी बसले. आत्याने कागद उलटला. वाचायचं काम माझ्याकडे आलं.

वर ठळक अक्षरांत होतं ‘शुद्धिपत्र’. खाली दोन रकाने, चुकीचा शब्द आणि बरोबर शब्द, पृष्ठांच्या आकड्यांसकट. एकूण अकरा चुका. शेवटी एक ओळ होती, ‘छपाईच्या घाईत राहिलेल्या या चुकांची वाचकांनी क्षमा करावी.’

मग फादर हळूच म्हणाले, “क्षमा मागितली आहे. मी म्हणत नव्हतो?”

“छपाईच्या चुकांची,” बाई म्हणाल्या.

“क्षमा ती क्षमा. आणि इतकी वर्षं आमच्या गाण्यांची पाठ यानेच सांभाळली म्हणायची.” बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

आत्या हसत नव्हती. ती कागदाच्या कडेवरून बोट फिरवत होती. “याला शिवणीची भोकंच नाहीत. सुटं होतं हे. सुटा कागद, नुसते शब्द आणि आकडे. बाबांना छापखान्याची रद्दी वाटली.” एवढं बोलून मात्र ती जी हसायला लागली ती थांबेचना, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

संध्याकाळच्या आत आम्ही वाचनालयात होतो. बाईंनी जुनी ओळ खोडली आणि लिहिलं, ‘शेवटचे पान सापडले.’

“हरवलं कसं, तेही लिहा,” आत्या म्हणाली.

“कशाला? त्यांची चूक उगाच चव्हाट्यावर.”

“लिहा. बाबा धांदरट होते. लबाड नव्हते.”

बाईंनी लिहिलं, ‘बांधणाऱ्याकडून चुकून रद्दीत गेले होते.’ आत्याने चष्मा लावून ओळ दोनदा वाचली, दुसऱ्यांदा मोठ्याने. मग ‘चुकून’ या शब्दाखाली तिने आपलं खळ लागलेलं बोट ठेवलं.

“हा शब्द बरोबर आहे,” ती म्हणाली. “आता यात कोणी दुरुस्ती करायची नाही.”